एसएसएलव्ही-डी१ : फळ्यावर नसलेली एक ओळ (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं विज्ञान मंडळ आहे. पंधरा-सोळा माणसं, एक दुर्बीण, एक जुना प्रोजेक्टर आणि शाळाशाळांतून प्रयोग दाखवायची हौस. ग्रहण असलं की लोक आम्हाला शोधत येतात, एरवी आम्ही लोकांना शोधत जातो. गाव, शाळा आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रसंग ७ ऑगस्ट २०२२ चा, रविवार सकाळचा. श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एसएसएलव्ही या नव्या प्रक्षेपकाचं (रॉकेटचं) पहिलं उड्डाण, म्हणजे डी१, होतं. छोट्या उपग्रहांसाठी बनवलेला हा छोटा प्रक्षेपक. उंची ३४ मीटर, व्यास २ मीटर, उड्डाणाच्या वेळी वजन सुमारे १२० टन. खालचे तिन्ही टप्पे घन इंधनाचे आणि सगळ्यात वर द्रव इंधनावर चालणारं, शेवटचा वेग नेमका करणारं छोटं यंत्र. त्याला इस्रोत व्हीटीएम म्हणतात. पाचशे किलोपर्यंतचा उपग्रह पाचशे किलोमीटर उंचीच्या कक्षेत नेण्यासाठी तो बांधला होता. मोठ्या प्रक्षेपकाची जुळवाजुळव करायला फार दिवस आणि फार माणसं लागतात. हा थोड्या दिवसांत, थोड्या माणसांत उभा करता यावा, हा त्यामागचा विचार.

आमच्या दृष्टीने खरं आकर्षण मात्र प्रक्षेपकाच्या टोकाशी होतं. इस्रोच्या ईओएस-०२ या सुमारे १३५ किलोच्या उपग्रहासोबत ‘आझादीसॅट’ नावाचा आठ किलोचा एक उपग्रह जाणार होता. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडिया या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली देशभरातल्या ७५ शाळांतल्या ७५० मुलींनी त्याची उपकरणं तयार केली होती. ७५ छोटी उपकरणं, प्रत्येकाचं वजन सुमारे पन्नास ग्रॅम. त्यांतल्या पुष्कळ मुली ग्रामीण भागातल्या, सरकारी शाळांतल्या. आमच्या गावातली शाळा त्या ७५ मध्ये नव्हती. पण सातवी-आठवीच्या मुलींना ‘तुमच्याएवढ्याच मुलींनी केलेलं यंत्र रविवारी आकाशात जाणार आहे’ एवढं सांगितलं, आणि पावसात, सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेआठला ऐंशीच्या वर मुली शाळेच्या हॉलमध्ये हजर झाल्या.

तयारी आम्ही मनापासून केली होती. इस्रोने आधी प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकावरून एका मोठ्या फळ्यावर तक्ता काढला. डावीकडे घटना, मध्ये अपेक्षित वेळ, उजवीकडे प्रत्यक्ष वेळ. ओळी सात: उड्डाण, पहिला टप्पा सुटला, दुसरा टप्पा सुटला, तिसरा टप्पा सुटला, व्हीटीएम, ईओएस-०२ वेगळा झाला, आझादीसॅट वेगळा झाला. शेवटची ओळ साधारण तेराव्या मिनिटाची. सातवीतल्या एका मुलीकडे खडू दिला. तिचं अक्षर चांगलं आणि घड्याळाकडे लक्ष पक्कं. मंडळाच्या एका सदस्याकडे संदेश पाठवायचं काम होतं. गावातल्या अकरा व्हॉट्सॲप ग्रुपांवर आम्ही मराठीतून क्षणाक्षणाची माहिती देणार होतो. जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राचे वार्ताहर येऊन बसले होते. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका हौशी रेडिओचे परवानाधारक आहेत. आझादीसॅटवर हौशी रेडिओच्या लहरींवर चालणारा एक संच असणार होता, म्हणून काकांनी शाळेच्या गच्चीवर मोजपट्टीच्या पात्यांपासून बनवलेला अँटेना बांधला होता.

आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तीन किलो पेढे आणून ठेवले होते. खोक्यावरची सुतळीही सोडलेली नव्हती, पण मुलींना वास लागला होता.

अडचण

९ वाजून १८ मिनिटांनी उड्डाण झालं. हॉलमध्ये जो गलका झाला तो अजून कानात आहे. पहिला टप्पा सुटल्याची घोषणा झाली, मुलीने वेळ लिहिली. दुसरा, तिसरा. उपग्रह वेगळे झाल्याचीही घोषणा झाली. खडूने सातवी ओळ भरली, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि ९:३३ ला आमच्या सदस्याने अकराही ग्रुपांवर संदेश टाकला: ‘एसएसएलव्हीचं पहिलंच उड्डाण यशस्वी! मुलींचा आझादीसॅट कक्षेत! अभिनंदन!’

मी पडद्याकडे बघत होते. इस्रोच्या पीएसएलव्ही या जुन्या प्रक्षेपकाची बरीच उड्डाणं पाहिलेली असल्यामुळे शेवटी काय होतं ते पाठ झालं होतं. उपग्रह वेगळा झाला की नियंत्रण कक्षातली माणसं उठतात, हस्तांदोलनं होतात, कोणीतरी कोणाला मिठी मारतं. या वेळी माणसं खुर्च्यांतच होती, नजर समोरच्या पडद्यांवर. मग इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ बोलले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: सगळे टप्पे अपेक्षेप्रमाणे चालले, शेवटच्या टप्प्यात काही माहिती मिळालेली नाही, तिचं विश्लेषण चालू आहे, ते झालं की उपग्रहांची आणि प्रक्षेपकाची स्थिती सांगू.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की काय होतं ते त्या हॉलमध्ये दिसलं. विज्ञानाच्या सरांनी पहिलं वाक्य ऐकलं: टप्पे व्यवस्थित चालले. काकांनी दुसरं ऐकलं: माहिती मिळालेली नाही. वार्ताहरांनी मला विचारलं, “ताई, झालं ना? यशस्वी लिहू ना?” आणि खडू हातात धरून उभी असलेली ती मुलगी म्हणाली, “बाई, सगळ्या ओळी भरल्या. पण तो वर आहे का नाही?”

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि आमच्या फळ्यावर त्याला जागाच नव्हती. सातव्या ओळीत ‘वेगळा झाला’ होतं. वेगळा होऊन तो कुठे गेला, किती उंचीवर, किती वेगाने, ही आठवी ओळ आम्ही लिहिलीच नव्हती. माहितीपत्रकातल्या घटनाक्रमाची शेवटची घटना ‘उपग्रह वेगळा’ हीच असते, म्हणून आम्ही तिलाच यशाची ओळ समजून बसलो.

थोडं थांबून हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहतो तो उंचीमुळे नव्हे, आडव्या वेगामुळे. या उड्डाणात ठरलेल्या ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेग लागतो. तेवढा मिळाला तर उपग्रह त्या उंचीवर घिरट्या घालत राहील. थोडा कमी पडला तर तो सोडला त्या जागी ३५६ वरच असेल, पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत खूप खाली उतरलेला असेल. विहिरीत पोहरा सोडताना दोर हातभर कमी पडला तर वरचा सगळा दोर कितीही मजबूत असो, पोहऱ्याला पाणी लागत नाही. पहिले तीन टप्पे उत्तम चालले म्हणून शेवटच्या हातभर दोराचा हिशेब माफ होत नाही. आणि माहिती गेली होती ती नेमकी त्या हातभराची.

कोणते पर्याय होते

हॉलच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या आमची पाच जणांची चर्चा झाली, फार तर सात-आठ मिनिटांची. मुली बाकांवर चुळबुळ करत होत्या.

सरांचं म्हणणं, संदेश गेला आहे तो राहू द्यावा. अध्यक्षांनीच सगळे टप्पे चालल्याचं सांगितलं आहे. थोडी माहिती उशिरा येईल, एवढंच. पोरींचा उत्साह कशाला मोडायचा? हे म्हणणं मला तेव्हाही टाकाऊ वाटलं नाही. जमिनीवरच्या केंद्राशी संपर्क तुटतो, माहिती मागाहून हाती येते, असं होऊ शकतं. माहिती न मिळणं म्हणजे अपयश, असा काही नियम नाही.

एका तरुण सदस्याचं मत नेमकं उलट. त्याने इंटरनेटवर परदेशी जाणकारांच्या शंका वाचल्या होत्या आणि त्याला ‘अपयशी’ असा दुरुस्तीचा संदेश ताबडतोब टाकायचा होता. त्याचं म्हणणं असं की आधी चूक केली आहे, तर निदान आता तरी सगळ्यांच्या आधी खरं सांगू.

काकांनी तिसरी वाट सुचवली: आपणच ऐकून बघू. कक्षा ठरल्याप्रमाणे असेल तर दीड तासाने उपग्रह पुन्हा भारताच्या बाजूला येईल, अकराच्या सुमारास. पण त्यांनीच लगेच अडचणही सांगितली. मधल्या वेळात पृथ्वी फिरलेली असते, त्यामुळे ती फेरी अरबी समुद्रावरून जाईल आणि आपल्याला पश्चिमेच्या क्षितिजाला घासूनच दिसेल. शिवाय पहिल्याच फेरीत तो संच चालू केलेला असेलच असं नाही. “ऐकू आलं तर पुरावा,” काका म्हणाले, “नाही आलं तर काहीच नाही.” एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते शिकायला मला पदवीची तीन वर्षं लागली होती.

चौथा पर्याय म्हणजे ‘अजून माहीत नाही’ असं स्पष्ट सांगणं. ऐकायला सोपं वाटतं. पण ऐंशी मुली पावसात आल्या आहेत, वार्ताहर वही उघडून बसले आहेत, पेढ्यांचं खोकं टेबलावर आहे, अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणायला कोणाचीच जीभ वळत नव्हती. माझीही नाही.

तेवढ्यात पेढ्यांचा प्रश्न आला. बाईंनी विचारलं, वाटायचे का? मी म्हणाले, थांबू या. बाई म्हणाल्या, “अहो, मुली सुट्टीच्या दिवशी आल्यात. यशाचे नको म्हणू, आल्याचे म्हणून देऊ.” त्या स्वतःच्या पैशांतून पेढे घेऊन आल्या होत्या. मी नाही म्हणू शकले नाही.

आम्ही काय केलं

फळ्यावर आठवी ओळ लिहिली. खडू त्याच मुलीच्या हातात होता, तिलाच लिहायला सांगितलं: ‘कक्षा मिळाली का?’ आणि समोरचा रकाना रिकामा ठेवला. मग मी मुलींना सांगितलं, प्रक्षेपकाने उपग्रह सोडले आहेत. ते ठरलेल्या कक्षेत पोचले का, हे इस्रोलाही अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा बाई तुम्हाला सांगतील. एका मुलीने विचारलं, “म्हणजे चुकलं?” म्हटलं, माहीत नाही. “म्हणजे बरोबर?” तेही माहीत नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण तिने वहीत तसंच लिहून घेतलं.

संदेशाबद्दल थोडा वाद झाला. पाठवणारा सदस्य म्हणाला, आधीचा संदेश काढून टाकतो. मी विरोध केला. वीस मिनिटांत तो कुठे कुठे पुढे गेला असेल याचा पत्ता नव्हता. आमच्याकडून काढला तरी लोकांच्या फोनमध्ये तो राहणारच, आणि दुरुस्ती कशाची हेही मग कोणाला कळणार नाही. शेवटी त्याच संदेशाला उत्तर म्हणून दुसरा टाकला: ‘दुरुस्ती. वरच्या संदेशात आम्ही उड्डाण यशस्वी झाल्याचं लिहिलं ते घाईचं होतं. उपग्रह प्रक्षेपकापासून वेगळे झाले आहेत. ते योग्य कक्षेत आहेत की नाही हे इस्रोने अजून सांगितलेलं नाही. सांगितल्यावर कळवू.’

वार्ताहरांना मी ‘थांबा’ म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, “ताई, आमचा अंक रात्री छापतात. मला दिवस आहे. घाई तुमच्या फोनला असते.” त्या दिवशीची सगळ्यात शहाणी व्यक्ती तीच होती असं मी आजही मानते.

पेढे वाटले गेले. मुली घरी गेल्या.

अकरा वाजता काकांसोबत मीही गच्चीवर गेले. पाऊस थांबला होता, पण पश्चिमेला ढग दाट होते. काका एका हाताने अँटेना धरून हळूहळू फिरवत होते, दुसऱ्या हातात संच. खरखर येत होती आणि मधूनच गावातल्या कुठल्यातरी यंत्राचा गुणगुणाट. दहा-बारा मिनिटं तसेच उभे होतो. काही आलं नाही. काकांनी वहीत तारीख, वेळ आणि ‘काही ऐकू आलं नाही, क्षितिजाजवळची फेरी, निष्कर्ष नाही’ असं लिहिलं आणि अँटेना सोडवायला घेतला.

मग काय कळलं

दुपारी इस्रोने स्थिती जाहीर केली. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या, म्हणजे एका बाजूला ३५६ वर आणि दुसऱ्या बाजूला ७६ पर्यंत खाली येणाऱ्या लंबवर्तुळाकार कक्षेत गेले होते आणि ते आता उपयोगाचे राहिले नव्हते. एका संवेदकातला (सेन्सरमधला) बिघाड ओळखून पर्यायी मार्गाला लागण्याच्या तर्कात चूक झाली, असं प्राथमिक कारण दिलं होतं. समिती नेमून पुन्हा डी२, म्हणजे याच प्रक्षेपकाचं दुसरं उड्डाण, घेऊन येऊ, असंही सांगितलं होतं.

७६ किलोमीटर म्हणजे किती? मुंबईहून लोणावळ्याला जातो, साधारण तेवढं अंतर, फक्त उभं. तिथली हवा आपल्याला श्वास घ्यायला काहीच कामाची नाही, पण सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूला ती भिंतीसारखी अडवते. तिथे शिरलेला उपग्रह वेग गमावतो, आणखी खाली येतो आणि संपतो. दोन्ही उपग्रहांचं तेच झालं.

खोलातलं कारण पुढच्या काही महिन्यांत इस्रोने मांडलं. दुसरा टप्पा सुटताना वरच्या, उपकरणं ठेवलेल्या भागाला अगदी थोडा वेळ जोराची थरथर बसली. प्रक्षेपकाचा वेग किती वाढतो आहे हे मोजणाऱ्या संवेदकांपर्यंत ती पोचली. बिघाड ओळखण्यासाठी बसवलेल्या संगणक-प्रणालीने त्या क्षणभराच्या गोंधळावरून संवेदक निकामी ठरवले. प्रक्षेपक मग आणीबाणीच्या पर्यायी मार्गाला लागला, आणि त्या मार्गात व्हीटीएमने शेवटचा वेग भरून काढण्याचं काम झालंच नाही. कमी पडला तो वेग सेकंदाला ५६ मीटर. लागणाऱ्या वेगाच्या एक टक्काही नाही.

हे वाचताना मला १९९६ ची आठवण झाली. युरोपच्या एरियान-५ प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी सदतीस सेकंदांत संपलं होतं. तिथेही दिशा-वेग मोजणारं यंत्र तुटलं नव्हतं. त्यातल्या संगणकाने मोठा आकडा लहान जागेत बसवायचा प्रयत्न केला, तो बसला नाही, आणि यंत्राने स्वतःला बंद करून घेतलं. राखीव यंत्रात तीच प्रणाली होती, ते आधीच तसंच बंद पडलेलं होतं. एरियान-५ आणि एसएसएलव्ही यांत सव्वीस वर्षांचं आणि आकाराचं केवढं अंतर, पण दोन्हीकडे प्रक्षेपकाची ताकद पुरेशी होती. चुकला तो धडधाकट यंत्राबद्दल घेतलेला निर्णय. जमिनीवर सगळ्या चाचण्या घेऊनही खरी थरथर, खरे आकडे पहिल्या उड्डाणातच समोर येतात. पहिल्या उड्डाणाची खरी जोखीम ही आहे.

कुठे चुकलो

पहिली चूक संदेशाची, ती उघड आहे. पण तिच्याही आधीची चूक फळ्याची होती. आठवी ओळ सुरुवातीपासून असती, तर सदस्याने ९:३३ ला हात आवरला असता. त्याच्याकडे दोष देऊन चालणार नाही. त्याने आम्ही दिलेल्या यादीतली शेवटची ओळ भरली आणि तिचा अर्थ लावला.

दुसरी चूक जास्त बोचते. पहिल्या उड्डाणांचा इतिहास आम्हाला ठाऊक होता आणि आम्ही तो मुलींना सांगितला नाही. एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह-प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ ला फसलं. रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तो पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला. त्याच्यानंतरच्या एएसएलव्हीचं पहिलं उड्डाण मार्च १९८७ मध्ये फसलं. पुढे ज्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवू लागले त्या पीएसएलव्हीचंही पहिलं उड्डाण, २० सप्टेंबर १९९३ चं, फसलंच होतं. परदेशात बघावं तर स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या फाल्कन-१ चं पहिलं उड्डाण मार्च २००६ मध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपलं. एसएलव्ही-३ च्या त्या दिवसांत घन इंधनाच्या कामात आपले वसंत गोवारीकर होते, १९७९ पासून ते थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. हा धागा तर मराठी मुलींना सांगायलाच हवा होता. उड्डाणाआधी आमच्याकडे पाऊण तास होता. त्या वेळात आम्ही प्रक्षेपकाची उंची सांगितली, वजन सांगितलं, प्रश्नमंजूषा घेतली. मुलींचा उत्साह मावळेल अशी आमची समजूत होती. खरं तर आधी सांगितलं असतं, तर त्या रिकाम्या रकान्याकडे त्यांनी घाबरून न बघता उत्सुकतेने बघितलं असतं.

तिसरी गोष्ट पेढ्यांची. याचा विचार मी बराच केला आहे. आम्ही तोंडाने ‘माहीत नाही’ म्हटलं आणि हातात पेढा दिला. सोमवारी शाळेत गेले तेव्हा कळलं की बहुतेक मुलींनी घरी ‘रॉकेट यशस्वी झालं’ असंच सांगितलं होतं. एका मुलीची आजी तिला म्हणाली होती, पेढे वाटले म्हणजे झालंच की. आजीचं बरोबर आहे. निकाल लागला, बारसं झालं, नोकरी लागली की पेढा. आपल्याकडे पेढ्याला दुसरा अर्थच नाही. माझ्या तीन वाक्यांपेक्षा त्या एका पेढ्याचं म्हणणं जास्त ठाम होतं. बाईंचा हेतू शंभर टक्के चांगला होता आणि मुलींना खायला मिळायलाच हवं होतं. पण ते पोहे असायला हवे होते. चिक्की चालली असती.

दुरुस्तीचा संदेश किती पोचला? अकरा ग्रुपांवर गेला, पण पहिला संदेश जिथे जिथे पुढे गेला तिथे दुरुस्ती गेली नाही. दोन दिवसांनीही मला तो अभिनंदनाचा संदेश एका नातेवाइकाकडून आला, आमच्याच मंडळाच्या नावासह. वार्ताहरांची सोमवारच्या अंकातली बातमी मात्र नेमकी होती.

काय बरोबर केलं याची नोंदही घ्यायला हवी. त्या तरुण सदस्याचं ऐकून लगेच ‘अपयशी’ म्हटलं असतं तर ते दुपारी खरंच ठरलं असतं. तरीही तेव्हा ते म्हणणं चूकच ठरलं असतं, कारण पावणेदहाला आमच्याकडे त्याचा आधार नव्हता. हे त्याला पटवायला मला बराच वेळ लागला. आणि काकांची वही. ‘निष्कर्ष नाही’ असं लिहून ठेवणं हेही काम आहे, हे मी मुलींना नंतर ती वही दाखवूनच सांगितलं.

सोमवारी शाळेत

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर बाईंनी मुलींना पुन्हा हॉलमध्ये बसवलं. फळा तसाच ठेवला होता. मी काय झालं ते सांगितलं, फळ्यावर एक वर्तुळ आणि एक दबलेलं लंबवर्तुळ काढून दाखवलं. मुली गप्प होत्या. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “त्या मुलींनी केलेलं चुकलं का?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि यायला हवा होता. श्रीहरिकोट्याला स्वतः उड्डाण बघायला गेलेल्या त्या मुली, त्यांची पन्नास-पन्नास ग्रॅमची उपकरणं. मी सांगितलं, त्यांच्या उपकरणांमुळे हे झालेलं नाही. त्यांचं काम सुरू व्हायचं होतं तेव्हा उपग्रहाला हवी ती जागाच मिळाली नाही. प्रश्न विचारणारी मुलगी थोडी सैलावली. खडूवालीने उठून आठव्या ओळीसमोर लिहिलं: ३५६ × ७६, नाही.

दुसऱ्या वेळी

डी२ चं उड्डाण १० फेब्रुवारी २०२३ ला झालं. शुक्रवार, शाळेचा दिवस, वेळ पुन्हा सकाळी ९:१८. इस्रोने दुसऱ्या टप्प्याची सुटण्याची व्यवस्था बदलली होती, उपकरणांच्या भागाच्या रचनेत बदल केले होते आणि प्रणालीचा तर्क सुधारला होता. सोबत मुलींचाच आझादीसॅट-२ होता, इस्रोचा ईओएस-०७ होता आणि एका अमेरिकन कंपनीचा जॅनस-१.

या वेळी फळ्यावर ओळी नऊ. शेवटची ‘कक्षा’. आणि एक चौथा रकाना वाढवला होता: ‘कशावरून?’ उड्डाणाआधी अर्धा तास आम्ही फक्त फसलेल्या पहिल्या उड्डाणांबद्दल बोललो. १९७९, १९८७, १९९३, २०२२ अशी सालं मुलींनीच म्हणून दाखवली. दुसरा टप्पा सुटण्याची वेळ जवळ आली तेव्हा हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं. मागच्या वेळी थरथर कुठे बसली होती हे आता प्रत्येकीला माहीत होतं. संदेश पाठवणाऱ्या सदस्याने फोन पालथा टेबलावर ठेवला होता. आल्याबद्दल मुलींना पोहे आधीच देऊन झाले होते. बाईंच्या टेबलावर खोकं होतं, सुतळीसकट.

तिन्ही उपग्रह वेगळे झाल्याचं कळलं. मुलीने तिन्हींच्या वेळा लिहिल्या आणि मागे वळून उभी राहिली. टाळ्या झाल्या नाहीत. पडद्यावर माणसं उठली, हस्तांदोलनं सुरू झाली, काही मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली: अजून नाही. मग अध्यक्ष उभे राहिले आणि उपग्रह नेमके ठरलेल्या कक्षेत सोडल्याचं त्यांनी सांगितलं, ४५० किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा.

तिने नवव्या ओळीत लिहिलं: ४५०, हो. चौथ्या रकान्यापाशी क्षणभर थांबली आणि लिहिलं: ‘इस्रोच्या अध्यक्षांनी आकडा सांगितला.’ मग बाईंकडे बघून म्हणाली, “बाई, आता सोडा सुतळी.”